घरी सिरियलच्या वॉशपासून (आंबवणापासून) दारू गाळायचीय? अमेरिकेत परमिट कुठलं, कुणाला मिळतं, कागद काय लागतात

आधी मुद्द्याचं सांगतो म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. अमेरिकेत "घरी स्वतःला पिण्यापुरती दारू गाळायचं लायसन्स" अशी गोष्टच नाहीये. फॉर्म नाही, फी नाही, कोटा नाही, काहीच नाही. बियरला घरगुती सूट आहे, वाइनला आहे, म्हणून लोकांना वाटतं की स्पिरिटला, म्हणजे गाळलेल्या दारूलाही, कुठेतरी असणारच आणि आपल्यालाच ती लिंक सापडत नाहीये. नाही आहे ती. जे आहे ते दोन प्रकारचं परमिट, एक इंधनाचं आणि एक धंद्याचं, आणि दोन्ही टीटीबी देते, म्हणजे अल्कोहोल अँड टोबॅको टॅक्स अँड ट्रेड ब्युरो, ट्रेझरी खात्याखाली येतं ते.

आता सिरियलच का, तर कॉर्नफ्लेक्स किंवा ब्रानवाली सिरियल कारखान्यातून शिजूनच आलेली असतात, स्टार्च आधीच मोकळा झालेला, त्यामुळे धान्य शिजवत बसायची कटकट नाही. पण त्याच उष्णतेत धान्यातले एन्झाइम मेलेले असतात, म्हणून स्टार्चची साखर व्हायला माल्ट नाहीतर अमायलेज वरून घालावं लागतं, आणि बरेच जण सरळ वरून साखरच ओततात. ही वरची साखर लक्षात ठेवा, पुढे कागदावर तीच आडवी येते.

नुसता वॉश आंबवून बियरसारखा प्यायचा असेल तर तो धान्याचा आहे, बियरच्या घरगुती सवलतीत बसवता येतो. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. विकायचा नाही, वय १८ पूर्ण, पण जिथे दारूचं वय २१ आहे तिथे २१ धरा. कुठलाही अर्ज नाही. पण तोच वॉश गाळायचा म्हणून लावला तर मामला बदलतो, कारण फेडरल कायद्यात गाळण्यासाठीचा वॉश परवाना असलेल्या जागेबाहेर बनवायलाच मनाई आहे, स्टिलखाली, म्हणजे दारू गाळायच्या भांड्याखाली, गॅस पेटवायच्या आधीच गुन्हा झालेला असतो. हे बहुतेकांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं की थेंब पडेपर्यंत आपण सेफ.

स्टिल विकत घेणं मात्र फेडरल कायद्याने गुन्हा नाही, पाणी शुद्ध करायला किंवा सुगंधी तेल काढायला ते वापरता येतं, फक्त त्यातून अल्कोहोल काढायचं नाही. टीटीबी स्टिल विकणाऱ्याकडून गिऱ्हाइकांची माहिती मागवू शकते एवढं डोक्यात असू द्या. आणि काही राज्यांत नुसतं स्टिल बाळगण्यावरही बंधनं आहेत, ते आपल्या राज्याचं वेगळं बघायचं.

आता इंधनाचं परमिट. याला अल्कोहोल फ्युएल प्लांट म्हणतात आणि फॉर्म नंबर ५११०.७४. वर्षाला १०,००० प्रूफ गॅलनपर्यंत काढणार असाल तर तुम्ही स्मॉल कॅटेगरीत, बाँड (टॅक्स बुडला तर म्हणून द्यायची हमी) लागत नाही, फीसुद्धा नाही. प्रूफ गॅलन म्हणजे ५० टक्के अल्कोहोलचा एक अमेरिकन गॅलन, साधारण पावणेचार लिटर. अर्जात नाव-पत्ता, जागा कुणाच्या मालकीची, प्लांटचा नकाशा, स्टिल कुठल्या प्रकारचं आणि किती क्षमतेचं, कच्चा माल काय वापरणार, माल कुलपात कसा ठेवणार, हे सगळं लिहायचं. कच्च्या मालात ब्रेकफास्ट सिरियल लिहिलंत तर चालेल, धान्यच आहे ते शेवटी. परमिट हातात आल्याशिवाय सुरू करायचं नाही. मग किती काढलं, किती वापरलं याची नोंद ठेवायची आणि दरवर्षी ३० जानेवारीपर्यंत ५११०.७५ नंबरचा रिपोर्ट भरायचा.

ऑनलाइन सगळीकडे हीच आयडिया फिरते की फ्युएल परमिट काढा आणि गुपचूप प्या. माझ्या मते यापेक्षा वाईट सल्ला नाही. एक तर प्लांटबाहेर न्यायच्या आधी ते पिण्यालायक राहणार नाही असं करावंच लागतं, १०० गॅलनमागे निदान २ गॅलन पेट्रोल किंवा केरोसिन वगैरे मिसळून, आणि दुसरं म्हणजे तुम्ही स्वतःच सहीनिशी सरकारला कळवलेलं असतं की माझ्याकडे एवढं स्टिल या पत्त्यावर आहे, तपासणीला या. लॉनमोअर चालवायचा असेल तर बेस्ट परमिट आहे, पिण्यासाठी शून्य उपयोग.

मग उरतं डिस्टिल्ड स्पिरिट्स प्लांट, डीएसपी. हे पिण्याच्या दारूचं खरं परमिट आणि इथे घरवाल्यांची गाडी पहिल्याच प्रश्नावर अडते, तो म्हणजे पत्ता. राहत्या घरात डीएसपी होत नाही, घराला जोडलेल्या शेडमध्ये नाही, घराच्या आवारात नाही, बोटीवरही नाही. बियर किंवा वाइन बनते किंवा दारू किरकोळ विकली जाते त्या जागेवरही मनाई आहे. त्यामुळे गॅरेजचा पत्ता टाकून अर्ज करू नका, नुसता वेळ जातो.

वेगळी जागा असेल तर पात्रता बघू. गेल्या ५ वर्षांत फेलनीची (गंभीर गुन्ह्याची) शिक्षा झालेली नको, दारूसंबंधी फेडरल मिसडिमिनरची (कमी गंभीर गुन्ह्याची) ३ वर्षांत नको, आणि धंदा चालवायचा अनुभव नि पैशाची ऐपत बघून तुम्ही कायद्याप्रमाणे काम कराल असं टीटीबीला वाटलं पाहिजे. अर्ज पर्मिट्स ऑनलाइन या पोर्टलवर, फी शून्य. कागदांचा गठ्ठा मात्र चांगला जाड होतो: प्लांटची नोंदणी ५११०.४१, बेसिक परमिटचा अर्ज ५१००.२४, मालक-भागीदारांची वैयक्तिक माहिती ५०००.९, पर्यावरणाचा ५०००.२९ आणि पाण्याचा ५०००.३०, त्याशिवाय जागेचा भाडेकरार किंवा मालकीचा पुरावा, जागेचा नकाशा, उपकरणांचं वर्णन, सुरक्षेची माहिती, पैसा कुठून आला त्याचे पुरावे, कंपनीचे कागद आणि आयआरएसचा (अमेरिकेच्या आयकर खात्याचा) ईआयएन, म्हणजे धंद्याचा टॅक्स नंबर. ईआयएन आधी काढा, बाकी अर्जात तो जागोजागी लागतो. पैशाचा सोर्स हलक्यात घेऊ नका, मामाने उसने दिले तर तसं लेखी दाखवावं लागतं.

वर्षाला ५०,००० डॉलरपेक्षा जास्त टॅक्स होणार नसेल तर पिण्याच्या दारूसाठी २०१७ पासून बाँड लागत नाही. टॅक्स पहिल्या १,००,००० प्रूफ गॅलनला गॅलनमागे २.७० डॉलर आहे, पूर्ण दर १३.५० डॉलर.

आणि इथे ती साखर येते. व्हिस्की म्हणायला ती धान्याच्या आंबवणातून, १९० प्रूफच्या (९५ टक्के अल्कोहोल) खाली काढलेली, कॉर्न व्हिस्की सोडली तर ओकच्या पिंपात ठेवलेली आणि निदान ८० प्रूफला बाटलीत भरलेली लागते. साखर घालून आंबवलेल्या सिरियलची दारू या व्याख्येत बसत नाही, मग ती स्पेशालिटी प्रकारात जाते आणि लेबलच्या मंजुरीआधी ५१००.५१ वर फॉर्म्युला मंजूर करून घ्यावा लागतो, लेबलचा ५१००.३१ त्यानंतर. पाकिटावर साखर, फ्लेवर, व्हिटॅमिन असं जे जे छापलंय ते सगळं फॉर्म्युल्यात येणार, म्हणून फॉर्म्युला भरायला बसताना रिकामं पाकीट जवळ ठेवा. साधं बिनसाखरेचं सिरियल अधिक माल्ट घेतलंत तर कागदाचं काम बरंच हलकं होतं.

कुणी म्हणेल की कोर्टाने बंदी उठवली ना. जुलै २०२४ मध्ये टेक्सासच्या फोर्ट वर्थ इथल्या फेडरल कोर्टाने घरगुती डिस्टिलिंगची बंदी घटनेत बसत नाही असं म्हटलं हे खरंय, पण त्या निकालाचं संरक्षण दावा लावणाऱ्यांपुरतं होतं, आपण आपोआप त्यात आलो असं नाही. मिझुरीसारख्या राज्याने आपल्या कायद्यात घरगुती सूट दिलीय तीसुद्धा फेडरल कायद्यापुढे उपयोगाची नाही, आणि फेडरल कायद्यातली शिक्षा ५ वर्षांपर्यंत कैद, १०,००० डॉलरपर्यंत दंड, वर स्टिल जप्त. उलट तुमच्या राज्याचा कायदा फेडरलपेक्षा कडक असेल तर तोही पाळायचाच, म्हणून डीएसपीचा अर्ज टाकायच्या आधी राज्याच्या दारू नियंत्रण खात्याला आणि गावाच्या झोनिंग ऑफिसला त्या पत्त्यावर डिस्टिलरी चालते का एवढं विचारून घ्या, भाडेकरारावर सही त्यानंतर.