बिगोनियाची नवी रोपे घरच्या घरी, पाण्यात

आमच्या रोपवाटिकेतून बिगोनिया नेणारे अनेक ग्राहक त्याच झाडापासून आणखी रोपे कशी करावीत असे विचारतात. त्यांच्यासाठी ही माहिती देत आहोत.

उंच वाढणारा, बांबूसारखी पेरे असलेला बिगोनिया पाण्यात सर्वांत सहज रुजतो. कळ्या नसलेली निरोगी फांदी निवडून पेराच्या किंचित खाली स्वच्छ ब्लेडने काप घ्यावा, 10 ते 12 सेंटिमीटरचा शेंडा ठेवावा आणि खालची पाने काढून टाकावीत, कारण पाण्यात बुडालेले पान आधी सडते आणि मग ती सड फांदीत शिरते. फांदी बाटलीत ठेवून एकच पेर पाण्यात राहील इतकेच पाणी भरावे. रंगीत पानांच्या रेक्स जातीचे पानही देठासह असे ठेवता येते. मात्र देठाला मुळे फुटली तरी नवे रोपटे दिसायला आणखी बरेच आठवडे लागतात, तेव्हा घाई करू नये.

आपल्या मराठवाड्यात खरा प्रश्न हंगामाचा असतो. पाणी जितके तापते तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि कुजवणारे जंतू वाढतात. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत हा प्रयोग करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाऊस स्थिरावल्यापासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ उत्तम असून त्या दिवसांत साधारण दोन ते चार आठवड्यांत मुळे दिसतात. बाटली उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवावी. बोअरचे क्षारयुक्त पाणी टाळून पावसाचे साठवलेले, किंवा रात्रभर उघडे ठेवलेले नळाचे पाणी घ्यावे आणि दर तीन-चार दिवसांनी बदलावे. पाण्यात खत घालू नये.

मुळे दोन-तीन सेंटिमीटर झाली की रोप लगेच कुंडीत लावावे, कारण पाण्यात वाढलेली मुळे नाजूक असतात आणि जितकी लांबतात तितकी लावताना तुटतात. आपली काळी माती कितीही कसदार असली तरी ती ओलावा धरून घट्ट बसते व मुळे गुदमरतात. तिच्याऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि भाताचे तूस यांचे भुसभुशीत मिश्रण लहान कुंडीत भरावे. पहिला आठवडाभर मिश्रण ओलसर राखून रोपावर छिद्रे पाडलेली पारदर्शक पिशवी सैल घालावी, आणि पुढे उन्हाळ्यात कुंडी कूलरच्या थेट झोतात ठेवू नये.

बिगोनियाच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात, ऑक्झलेट हा प्राण्यांना विषारी घटक असतो. घरात कुत्रे-मांजर असल्यास बाटली व कुंडी त्यांच्या तोंडी लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावी.