मेजी राजसमारंभांची काष्ठठसा चित्रे

मेजी काळात (१८६८–१९१२) जपानने आधुनिक राज्ययंत्रणा उभारली. त्या काळातील रेल्वेचा शुभारंभ, औद्योगिक प्रदर्शने, राज्यघटनेची घोषणा, संसदेचे उद्घाटन अशा राजसमारंभांची बहुरंगी काष्ठठसा चित्रे तोक्योच्या प्रकाशकांनी विक्रीस आणली. त्याआधीच्या तोकुगावा घराण्याच्या लष्करी राजवटीत चालू राजकीय घटना चित्रित करण्यास मनाई होती आणि सम्राट क्योतोच्या राजवाड्यात प्रजेच्या दृष्टीआडच राहत असे. त्यामुळे पाश्चात्त्य लष्करी गणवेशातील सम्राट चित्रांच्या दुकानात विकत मिळू लागणे, हाच मोठा बदल होता.

छपाईची रीत मात्र जुनीच राहिली. चित्रकाराचे रेखाटन कोरीवकाम करणारा चेरीच्या फळीवर उतरवी, छापणारा प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा वापरून कागद हाताने घासून छापी, आणि भांडवल प्रकाशकाचे असे. दरबाराचा विस्तार मावावा म्हणून सुमारे ३७ × २५ सेंमी.चे तीन कागद शेजारी शेजारी जोडत. रंग तेवढे नवे होते: आयात केलेल्या ॲनिलीन (कृत्रिम रासायनिक) रंगांतील भडक लाल आणि जांभळा या चित्रांत सर्वत्र दिसतो. पुढे अनेक रसिकांनी त्याला नाके मुरडली. पण नव्या राजवटीचा झगमगाट दाखवायला तोच रंग योग्य होता.

११ फेब्रुवारी १८८९ रोजी नव्या राजवाड्यात सम्राटाने राज्यघटना पंतप्रधान कुरोदा कियोताका यांच्या हाती दिली. या प्रसंगावर तोयोहारा चिकानोबू, आदाची गिंको आदींनी त्रिपट चित्रे काढली. उंच पीठावर सम्राट, बाजूला पाश्चात्त्य पोशाखातील सम्राज्ञी, समोर गणवेशधारी मंत्र्यांच्या रांगा आणि मागे सरत जाणारे युरोपीय यथादर्शन (सपाट कागदावर खोली भासवण्याची रीत), अशी त्यांची मांडणी असते. गिंकोच्या चित्रावर २ मार्च १८८९ ही तारीख आहे. तथापि अशा चित्रांना प्रत्यक्षदर्शी पुरावा मानणे चूक ठरेल, कारण चित्रकारांना दरबारात प्रवेश नसे आणि वृत्तपत्रांतील वर्णनांना कल्पनेची जोड देऊन ते दृश्य उभे करीत. शिक्षणमंत्री मोरी आरिनोरी यांच्यावर त्याच सकाळी खुनी हल्ला झाला व ते समारंभाला पोहोचू शकले नाहीत. मंत्र्यांच्या त्या नीटस रांगांत याची चाहूलही लागत नाही.

चीन–जपान युद्धाच्या (१८९४–९५) चित्रांनी या व्यवसायाला अखेरची मोठी मागणी मिळवून दिली. रूस–जपान युद्धापर्यंत (१९०४–०५) छायाचित्रे आणि शिलामुद्रणाने (दगडावरून होणाऱ्या छपाईने) त्याची जागा बहुतांशी घेतली होती.