एका मशीनवरची ‘डीडी’ एनएफएस सर्व्हरचा वेग सांगत नाही

एका क्लायंटवर (सर्व्हर वापरणाऱ्या मशीनवर) एनएफएस (सर्व्हरवरच्या फाइल्स नेटवर्कवरून वापरू देणारी व्यवस्था) माउंट करायचे, म्हणजे जोडून घ्यायचे, ‘डीडी’ या डेटा कॉपी करणाऱ्या कमांडने शून्यांची मोठी फाइल लिहायची आणि आलेला आकडा सर्व्हरचा वेग समजायचा, ही पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे. ती चुकीची आहे. १ गिगाबिटच्या जोडणीतून सेकंदाला १२५ मेगाबाइटपेक्षा जास्त जाऊच शकत नाही. प्रत्यक्षात थोडे कमीच. म्हणजे मोजली गेली ती केबल. मागे दहा डिस्क असोत की शंभर, आकडा तिथेच अडणार. लगेच तीच फाइल परत वाचली आणि वेग अनेक पटींनी वाढला, तर ती क्लायंटच्याच रॅममधून आली. सर्व्हरवर कॉम्प्रेशन (डेटा आक्रसून साठवण्याची सोय) असेल तर शून्ये डिस्कपर्यंत जेमतेम पोचतात.

म्हणून सर्व क्लायंट एकाच वेळी लावावे लागतात. एफआयओ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्याची सोय आहे: प्रत्येक क्लायंट मशीनवर ते सर्व्हर मोडमध्ये (बाहेरून काम स्वीकारण्याच्या स्थितीत) चालू ठेवायचे आणि एकाच ठिकाणाहून सगळ्यांना काम द्यायचे. डेटा यादृच्छिक हवा, फाइल्स रॅमपेक्षा मोठ्या हव्यात. क्लायंट एकेक करून चालवून बेरीज मात्र करू नये, कारण तेव्हा प्रत्येकाला अख्खा सर्व्हर मोकळा मिळालेला असतो.