मित्रकीटक राखून कीडनियंत्रण

किडीला खाणारे कीटक जिवंत ठेवून बागेतील किडीचा बंदोबस्त करण्याची पद्धत. नाशिक भागात हा विषय निघाला की पहिले नाव येते ते पिठ्या ढेकणाचे, म्हणजे मिलीबगचे. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत घडांत शिरणारा गुलाबी मिलीबग जास्वंदीवरही पोसतो. त्यामुळे शहरातल्या अंगणात जास्वंदीचे शेंडे आखडून वर पांढरे पीठ दिसते, तेव्हा कीड बहुधा तीच असते.

तिचा मोठा शत्रू क्रिप्टोलीमस हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. भारतात तो 1898 मध्ये आणला गेला. प्रौढ भुंगेरा काळा, डोके नारिंगी. प्रयोगशाळेत त्याला लाल भोपळ्यावर वाढवलेला मिलीबग खाऊ घालतात. घोटाळा होतो तो अळीच्या बाबतीत. तिच्या अंगावरही पांढऱ्या मेणाच्या झालरी असतात, म्हणून पुष्कळ जण तिलाच मोठा मिलीबग समजून चिरडतात. काडीने हळूच डिवचावे: अळी चटकन पळते, मिलीबग जेमतेम हलतो. फवारणीचा पंप उचलण्याआधी ही पारख यायलाच हवी, कारण सरसकट मारणाऱ्या कीटकनाशकाने भुंगेरे आणि अळ्या दोन्ही जातात, तर सुटलेल्या सालीखाली दडलेला मिलीबग वाचतो व पुन्हा फोफावतो. छाटणीनंतर द्राक्षवेलीच्या खोड-ओलांड्यांवरची (ओलांडे म्हणजे तारेवर पसरवलेल्या मुख्य फांद्या) ती साल काढण्याची रीत याचसाठी आहे.

मुंग्यांकडे मात्र दुर्लक्ष होते. गोड चिकट स्रावासाठी त्या मिलीबगची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना हुसकावतात. त्यांची खोडावरची वाट आधी बंद करावी.

इतर मित्रकीटकांत क्रायसोपा (जाळीदार पंखांचा कीटक; पानावर केसासारख्या देठांवर उभी अंडी) आणि परोपजीवी (किडीच्या अंगात अंडी घालणाऱ्या) गांधीलमाश्या येतात. फुगलेला, तपकिरी, पाठीला गोल भोक पडलेला मावा दिसला, तर गांधीलमाशीचे काम झालेले असते. टोमॅटोत झेंडूच्या ओळी लावतात. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला झेंडूकडे वळतो.

5 टक्के निंबोळी अर्क (5 किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, 100 लिटर पाणी) सौम्य खरा, पण मऊ अंगाच्या मित्र-अळ्यांनाही तो बाधू शकतो. म्हणून सगळी बाग न भिजवता कीड असलेल्या फांद्यांवरच मारावा, तोही संध्याकाळी: उन्हात त्याचा गुण उतरतो आणि तोवर मधमाश्या फुलांवरून परतलेल्या असतात.