नक्षत्रवृक्ष

जन्मनक्षत्राशी जोडलेल्या वनस्पतीला नक्षत्रवृक्ष किंवा आराध्यवृक्ष म्हणतात. पाश्चात्य देशांत जन्ममहिन्यावरून फूल आणि रत्न ठरते. तिथल्या जन्मरत्नांची आजची रूढ यादी १९१२ साली अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने मुक्रर केली. आपल्याकडे जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्रात असेल त्यावरून झाड ठरते. रत्न बोटात घालायचे असते. झाड लावायचे, वाढवायचे आणि तोडायचे नाही.

क्रांतिवृत्ताचे, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेचे, २७ समान भाग म्हणजे नक्षत्रे, प्रत्येकी १३ अंश २० कलांची. चंद्र साधारण दिवसाला एक नक्षत्र ओलांडतो. त्यामुळे पाठोपाठच्या दिवशी जन्मलेल्या दोन भावंडांत एकाला वड, तर दुसऱ्याला पळस मिळू शकतो. इथे एक घोटाळा हमखास होतो. शेतकरी ‘मृग लागला’ म्हणतो ते सूर्याचे नक्षत्र, ७-८ जूनच्या सुमाराचे. ‘बाळ मृगावर झालं’ यातले नक्षत्र चंद्राचे, आणि ते दर महिन्याला येते. तेव्हा मृगाच्या पावसात जन्मलेल्या मुलाच्या नावाने सरसकट मृगाचे झाड खैर लावू नये, आधी पंचांग पाहावे.

या याद्या नारदपुराणात आणि राजनिघंटू या वैद्यककोशात आहेत. बऱ्याच जागी त्यांचे एकमत आहे : कृत्तिका उंबर, रोहिणी जांभूळ, पुष्य पिंपळ, मघा वड, चित्रा बेल, स्वाती अर्जुन, शततारका कळंब, रेवती मोह. काही ठिकाणी मात्र वाटा फुटतात. अश्विनीला नारदपुराण ‘वृष’ म्हणजे अडुळसा देते, राजनिघंटू ‘विषद्रु’ म्हणजे कुचला, कोकणातला काजरा. वृष आणि विष या शब्दांतले साम्य नजरेत भरण्याजोगे आहे. मराठी याद्यांत कुचलाच रूढ झाला. अश्विनीकुमार हे देवांचे वैद्य, आणि त्यांच्या नक्षत्राला झाड मिळाले ते बियांत जहाल विष असलेले! पण शुद्ध केलेला कुचला आयुर्वेदात औषध म्हणून वापरतात, त्यामुळे ही जोडी मला तरी विसंगत वाटत नाही. अनुराधेला कुठे बकुळ, कुठे नागकेशर. हस्ताला मराठी याद्यांत जाई. अशा वेळी आपल्या घरच्या पंचांगातली यादी धरावी.

वृक्ष हा शब्द इथे सैल अर्थाने घ्यायचा. जाई वेल आहे, श्रवणाची रुई झुडूप आहे, पुनर्वसूचा वेळू वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी गवत आहे. नवग्रहांच्या होमात लागणाऱ्या समिधांपैकी रुई, पळस, खैर, पिंपळ, उंबर आणि शमी या सहा वनस्पती नक्षत्रांच्या यादीतही आहेत. ग्रह आणि नक्षत्र या दोन्ही वाटांनी जपणूक व्हावी अशी झाडे ती हीच.

राजनिघंटूतला दंडक कडक आहे. आपल्याच नक्षत्राच्या झाडाचा जो औषधासाठी वापर करील त्याचे आयुष्य आणि लक्ष्मी नष्ट होते. जो ते वाढवील त्याची भरभराट होते. भीती घालून का होईना, यादीतल्या प्रत्येक जातीच्या झाडाला गावातली निदान काही माणसे हात लावणार नाहीत, अशी ही तजवीज आहे. तिचे मोल मी फलज्योतिषापेक्षा जास्त मानतो.

उंबर, पिंपळ, वड आणि पायरी ही यादीतली चार झाडे एकाच कुळातली. पिकलेले उंबर फोडले की आत बारीक दाण्यांची दाटी दिसते आणि बहुतेकदा इवले किडे वळवळत बाहेर येतात. ते दाणे म्हणजेच फुलांची फळे. फुले फळाच्या आतच फुलतात आणि चिमुकल्या गांधीलमाश्या आत शिरून परागीभवन करतात. बाहेरून फूल कधी दिसत नाही, म्हणून दुर्मीळ माणसाला ‘उंबराचं फूल’ म्हणायची पद्धत पडली. हेच झाड दत्ताचे. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठचे औदुंबर हे क्षेत्र त्याच्याच नावाने ओळखले जाते.

अलीकडे देवळांच्या आवारात, शाळांत आणि उद्यानांत ‘नक्षत्रवन’ करण्याची पद्धत वाढली आहे. एका वर्तुळावर सारख्या अंतराने २७ खड्डे घेतात, प्रत्येकापाशी नक्षत्राच्या नावाची पाटी लावतात. कागदावर हे देखणे दिसते, जमिनीवर मात्र अडचण होते. वडाच्या पारंब्या खाली उतरल्या की शेजारच्या रोपांना ऊन मिळत नाही. पूर्वाषाढेच्या वेताला ओल आणि सावली लागते, रुईला लख्ख ऊन आणि पाण्याचा निचरा. जाणती माणसे वड, पिंपळ आणि पायरीला वर्तुळाच्या बाहेर जास्त जागा देतात, वेत पाण्याच्या पाटाशी लावतात आणि जाईसाठी मांडव घालतात. रुईचे रोप आणण्याची गरज सहसा पडत नाही. कुंपणाच्या कडेला, खडीच्या ढिगाऱ्यात ती आपणहून उगवलेली असते, तिथेच पाटी लावली की श्रवण नक्षत्राचे काम झाले.