मॅनहोलमधली तांब्याची तार

विजेच्या भूमिगत केबलींच्या मॅनहोलमध्ये उतरलेल्या जॉइंटरचा, म्हणजे केबली जोडणाऱ्या कामगाराचा, एक हात केबलच्या धातूच्या आवरणावर असतो, दुसरा केबली ठेवायच्या लोखंडी रॅकवर आणि पाय ओलाव्यात. त्या दोन धातूंमध्ये ५० व्होल्टचा फरक असला आणि अंगाचा रोध १००० ओहम धरला, तर छातीतून ५० मिलिअँपिअर प्रवाह जातो. काही सेकंद तेवढा प्रवाह गेला, तरी हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो.

‘अर्थिंग केलंय ना’ एवढ्यावर इथे भागत नाही. जमीन वीज शोषून घेते हा समज फार पक्का आहे आणि मला तो धोक्याचा वाटतो. वीज जमिनीत मुरत नाही, ती जिथून निघाली त्या ट्रान्सफॉर्मरकडे परतते, आणि माती ही परतीची वाईट वाट आहे. समजा, २३० व्होल्टची तार रॅकला चिकटली. रॅक फक्त जमिनीत ठोकलेल्या रॉडला जोडलेला आहे आणि मातीतल्या वाटेचा रोध २५ ओहम आहे. प्रवाह होतो जेमतेम ९ अँपिअर. २० अँपिअरचा फ्यूज तेवढ्याने उडत नाही आणि रॅकमध्ये वीज तशीच खेळत राहते. हाच रॅक जाड तांब्याने केबलच्या आवरणाशी जोडला आणि ते आवरण ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रलला, म्हणजे परतीच्या तारेला, जोडलेलं असलं, की परतीची वाट धातूची होते. प्रवाह शेकडो अँपिअरवर जातो आणि फ्यूज लगेच उडतो.

हेच बाँडिंग. मॅनहोलच्या भिंतीलगत उघडी तांब्याची तार फिरवतात आणि रॅक, शिडी, झाकणाची चौकट, केबलींची आवरणं तिला जोडतात. रॉडही तिलाच. मग बिघाडात व्होल्टेज चढलं तरी सगळ्यांचं एकदमच चढतं, दोन हातांमध्ये फरक उरत नाही.

उच्च दाबाच्या केबलींचं थोडं वेगळं असतं. काही ठिकाणी आवरण मुद्दाम एकाच टोकाला जमिनीशी जोडतात, नाहीतर त्यातून सतत प्रवाह फिरून केबल तापते. पण मग मोकळ्या टोकावर व्होल्टेज उभं राहतं. शेजारच्या चालू केबलीमुळे बंद केबलीच्या आवरणातही ते येतं. म्हणून आवरण कापण्याआधी कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना जोडणारा तांब्याचा जंपर बांधतात आणि आवरण पुन्हा जोडून झाल्यावरच तो काढतात.

जंपरचा क्लॅम्प बसवायच्या जागेवरचा रंग आणि गंज आधी खरवडून काढावा लागतो, धातू चकाकेपर्यंत. रंगावर आवळलेला क्लॅम्प हाताला घट्ट लागतो, पण विजेच्या दृष्टीने तो जोडलेलाच नसतो.