नेमक्या अक्षरापर्यंत नेणारे छोटे आरएनए

पेशीत प्रथिनं घडवणाऱ्या रायबोसोमचा गाभा आरएनएचा असतो. माणसात या आरएनएची एकूण लांबी सुमारे ७,२०० अक्षरांची, म्हणजे न्यूक्लिओटाइडांची. जनुकावरून त्याची नक्कल निघाली की ती आहे तशी वापरली जात नाही. सुमारे दोनशे ठिकाणी तिच्यात बारीक रासायनिक फेरफार होतात. साधारण निम्म्या ठिकाणी रायबोज शर्करेवर मिथाइल गट बसतो. उरलेल्या बहुतेक ठिकाणी युरिडीनमधला बेस आणि शर्करा यांच्यातला बंध बदलून त्याचं स्यूडोयुरिडीन होतं. प्रथिनं जिथे जोडली जातात, त्या भागाभोवती या बदलांची दाटी दिसते.

सात हजार अक्षरांतून नेमकी ही दोनशे कशी सापडतात? जिवाणूंमध्ये असे बदल मोजकेच असतात आणि आपापली जागा ओळखणारी वेगवेगळी विकरं ते करतात. आपल्या पेशींची तऱ्हा निराळी आहे. मिथाइल गट बसवायला फायब्रिलारिन हे एकच विकर, आणि त्याला जागा दाखवायला ढीगभर छोटे आरएनए. यांना स्नोआरएनए म्हणतात. ते केंद्रकातल्या न्यूक्लिओलस या भागात असतात, लांबी बहुधा ६० ते ३०० अक्षरं. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही.

त्यांची जागा दाखवायची पद्धत पाहण्यासारखी आहे. मिथाइलवाल्या गटातल्या प्रत्येक स्नोआरएनएत 'सीयूजीए' अशी चार अक्षरांची एक खूण असते, तिला डी बॉक्स म्हणतात. खुणेच्या अलीकडचा तुकडा रायबोसोमच्या आरएनएशी जोड्या जुळवून चिकटतो. खुणेपासून मागे मोजत पाचव्या अक्षरावर यायचं. त्याच्या समोर जे अक्षर जुळलेलं असेल, त्यावरच मिथाइल गट बसतो. चौथ्यासमोर नाही, सहाव्यासमोर नाही. १९९६ साली फ्रान्समधल्या तुलूझ इथे तमाश किश, जाँ-पिएर बाशेलरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उलगडलं. त्याच वर्षी बाशेलरींच्या गटाने मार्गदर्शक तुकड्याची अक्षरं मुद्दाम बदलून पाहिली, तर मिथाइल गट खरोखरच नव्या जागी बसला. माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर प्रयोग हाच.

स्यूडोयुरिडीनवाल्या गटाचं विकर वेगळं, त्याचं नाव डिस्केरिन. इथे स्नोआरएनए दोन्ही बाजूंनी जोड्या जुळवतो आणि मधल्या खोबणीत बदलायचं युरिडीन मोकळं ठेवतो.

पण मला खरं थक्क करतं ते या रेणूंचं जन्मस्थान. माणसातले बहुतेक स्नोआरएनए इंट्रॉनमध्ये दडलेले असतात. हा जनुकातला असा भाग, की प्रथिनाची कृती वाहून नेणारा संदेश (एमआरएनए) तयार होताना तो कापून टाकला जातो. कापलेल्या तुकड्याची टोकं कुरतडली जातात आणि प्रथिनांनी राखलेला स्नोआरएनए तेवढा शिल्लक राहतो. काही जनुकांत तर सगळा व्यवहारच उलटा. जोन स्टाइट्झ यांच्या येल विद्यापीठातल्या गटाने १९९६ मध्ये असं एक जनुक दाखवलं, की त्याच्या इंट्रॉनांतून अनेक स्नोआरएनए निघतात, आणि जोडून तयार झालेल्या मुख्य संदेशातून कोणतंच प्रथिन बनत नाही. तो लवकरच नष्ट होतो.

ही व्यवस्था फार जुनी असणार, कारण आर्किया या केंद्रक नसलेल्या एकपेशीय सूक्ष्मजीवांमध्येही असेच मार्गदर्शक आरएनए सापडतात.

ती बिघडली तर काय होतं, हेही दिसतं. डिस्केरिनच्या जनुकातल्या दोषामुळे डिस्केरॅटोसिस कन्जेनिटा हा आनुवंशिक आजार होतो. त्यात त्वचा आणि नखं बिघडतात, अस्थिमज्जा निकामी होऊ लागते. हेच प्रथिन गुणसूत्रांची टोकं राखणाऱ्या टेलोमरेज या विकराच्या आरएनएलाही सांभाळतं, त्यामुळे गुणसूत्रांची टोकंही आखूड होत जातात. वडिलांकडून आलेल्या १५व्या गुणसूत्रावरचा 'स्नॉर्ड ११६' हा स्नोआरएनएंचा समूह गळाला, तर प्राडर-विली सिंड्रोमची मुख्य लक्षणं दिसतात: तान्हेपणी स्नायू ढिले, दूध ओढायला ताकद नाही, आणि पुढे न शमणारी भूक. या समूहाची अक्षरं मात्र रायबोसोमच्या आरएनएतल्या कोणत्याच ज्ञात जागेशी जुळत नाहीत, म्हणून तो नेमका कोणाला वाट दाखवतो याचा शोध सुरू आहे.